कोंबडीचा मजकूर

म्हातारा जुळारी एवढा वाकबगार, की त्याच्या बोटांतून सुटलेला अक्षराचा शिशाचा खिळा आपण होऊन आपल्या खणात जाऊन निजायचा, असं छापखान्यात सगळे सांगायचे. सगळे म्हणजे तो स्वतः. पण खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि दोन महिन्यांत मांड्यांच्या काटक्या झाल्या. खिळे जुळवायचे म्हणजे दिवसभर खिळ्यांच्या पेटीपुढे उभं राहायचं. मालकाने निरोप धाडला, "काका, महिनाभर तुमची जागा राखतो. पुढे बघावं लागेल."

सून नर्स होती. मांड्या पुन्हा भराव्यात म्हणून तिने दोन उकडलेली अंडी पुढे ठेवली.

"उचल ते," जुळारी म्हणाला. "कोंबडीचा मजकूर माझ्या मांडीवर छापलास तर पिसं फुटतील."

"बाबा, पान छापून झालं की तुम्ही काय करता?"

"मोडतो. खिळे आपापल्या खणात टाकतो. त्यांचंच पुढचं पान."

"पोटही तेच करतं. जठरात पेप्सिन अंड्यातल्या प्रथिनाचे तुकडे पाडतं..."

"थांब. पान दोऱ्याने बांधलेलं असतं. आधी तो सोडायला नको?"

सून थबकली. "खरंच की. तो दोरा जठरातलं आम्ल सोडवतं. प्रथिनाची घडी उलगडते, मग पेप्सिन कापतं."

"तरी ओळी उरल्याच. ओळ खणात मावत नाही, सूनबाई."

"म्हणून लहान आतडं. तिथे ओळींची सुटी अक्षरं होतात, ती अमिनो आम्लं. काही दोन-तीन एकत्रच अस्तरात शिरतात आणि बहुतेक तिथेच सुटी होतात. मग रक्तातून यकृताकडे, पुढे अंगभर."

"जोडाक्षरं. त्यांनी आम्हालाही छळलंय. खण किती?"

"वीस. त्यातले नऊ खिळे शरीराला ओतताच येत नाहीत, खाण्यातूनच यावे लागतात."

"वीस खणांत कोंबडीही आणि मीही?"

"तुम्हीही."

हे जरा लागलं. पण त्याने दोन्ही अंडी संपवली आणि फर्मान सोडलं, "उद्या बारा उकड. एकदाच पेटी भरून टाकू."

"जास्तीचे खिळे ठेवायला अंगात कपाट नाही, बाबा. उरले ते जळतात, नाहीतर चरबी होते. रोज थोडे लागतात. शिवाय पानाची ऑर्डर हवी."

"ती कोण देणार?"

"तुमचे पाय. चाललात तर शरीर मांडी जुळवायला घेईल."

पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत ऑर्डर गेली. आठवड्याने जिन्यापर्यंत. पुढे तो शेजाऱ्यांना सांगू लागला की जिना आपल्याला पाहून एक पायरी कमी करतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो छापखान्यात पेटीपुढे उभा राहिला. मालकाने स्टूल सरकवलं. त्याने ते पायाने बाजूला केलं, खुबा मोडलेला पाय होता त्यानेच. दुपारपर्यंत अख्खं पान जुळलं. मालकाने प्रूफ काढलं, चष्मा वर केला.

"काका, एक खिळा उलटा बसलाय."

"तो कोंबडीचा असेल," जुळारी म्हणाला आणि चिमट्याने तो सरळ केला.

मालकाने स्टूल उचललं आणि कागदांच्या गठ्ठ्यांमागे टाकून दिलं.