विजयमालाची खुर्ची

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाची एक म्हातारी खुर्ची आहे. माझ्यावर हल्ली कुणी बसत नाही, डाळीचा डबा तेवढा ठेवतात. पण कधीकाळी माझ्यावर बसून एक मुलगी हरली होती आणि पुन्हा अभ्यासाला लागली होती. तिची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

रिसोडच्या फय्याज मिस्त्रीनं मला घडवलं आणि अनसिंगच्या देवमननं बैलगाडीतून घरी नेलं. देवमन सडकेच्या कामावरचा मजूर. त्याच्या घराण्यात आलेली मी पहिलीच खुर्ची. त्याची लेक विजयमाला बी.एस्सी. झाली होती. आता तिला नागपूरला एम.एस्सी. करायचं होतं, आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यायची होती. मी आले ती तिच्या अभ्यासासाठी.

ते बहात्तरचं दुष्काळी साल होतं. दिवसा विजयमाला आईबरोबर, लिलाबाईबरोबर, खडी फोडायला जायची. परत आली की हात धुऊन माझ्यावर बसायची. तळहातांना फोड आलेले असायचे, म्हणून पुस्तकाची पानं ती मनगटानं उलटायची. धडेच्या धडे तिनं तोंडपाठ केले. माझ्या अंगावर तिचा भार दिवसेंदिवस हलका होत गेला.

उन्हाळ्यात निकाल आला. शंभरापैकी एकोणतीस.

शेजारची गोजराबाई येऊन सांगून गेली, की आता पोरीचं लग्न उरका. विजयमाला कुणाशी बोलेना, जेवेना. एका सकाळी तिनं कुऱ्हाड आणली आणि माझ्या पुढच्या पायावर घाव घातला. लाकडाची ढलपी उडाली. देवमन दारातच बसला होता. तो जागचा हलला नाही.

"तोड," तो म्हणाला. "पन मंग उद्यापासून जमिनीवर बसून वाच. वाचनं सोडू नोको."

कुऱ्हाड तिच्या हातातून गळून पडली. ती म्हणाली, "बाबा, मले पाठ होतं. समजलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाठ करणं सोडलं. एकेक गणित घ्यायचं, चुकायचं, पुसायचं, पुन्हा मांडायचं. कधी आठवडा जायचा, तरी उत्तर जुळायचं नाही. तेव्हा ती माझ्या पाठीला डोकं टेकून नुसती बसून राहायची.

पुढच्या चैत्रात सडकेवर डांबर टाकताना देवमनला ऊन लागलं. घरी आणलं तेव्हा तो बोलत नव्हता. संध्याकाळच्या आत गेला. परीक्षा तोंडावर आली होती.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरून गेलं. बायका रडत होत्या. विजयमाला कोपऱ्यात भुईवर बसलेली. देवमनचा थोरला भाऊ माणिकराव बाहेरून आला आणि थकून माझ्यावर बसू लागला. तेवढ्यात डोळे पुसत लिलाबाई उठली.

"भाऊजी, तिथं नोका बसू," ती म्हणाली. "पोरीले वाचाचं हाये."

माणिकराव खाली सतरंजीवर बसला. विजयमाला उठली, माझ्यावर येऊन बसली आणि तिनं पुस्तक उघडलं. त्या दिवशी तिनं एकच पान वाचलं. दुसऱ्या दिवशी दोन वाचली.

परीक्षा झाली, आणि प्रवेशाच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं लागलं. पण लागलं. लिलाबाईनं ऐकलं, मान हलवली आणि चुलीकडे गेली. आनंद करायला त्या घरात कुणाला बळ उरलं नव्हतं. विजयमाला एस.टी.नं नागपूरला गेली, शिकली, तिकडेच प्राध्यापक झाली. मी इथेच राहिले. मला वाळवी लागली, तरी माझं काही म्हणणं नाही.

मित्रांनो, माझी डागडुजी केलीत तर बरंच वाटेल. पण तुमच्या घरात कुणी कमी गुण घेऊन आलं, तर आधी त्याची काळजी घ्या. त्याला जेवायला वाढा. आणि घरावर कितीही वाईट वेळ आली, तरी त्याची बसायची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका.