दाबून ठेवलेला पत्ता

मित्रांनो, मी मँडरिन म्हणजे चिनी भाषा शिकवणाऱ्या पत्त्यांचा जुना डबा आहे. पूर्वी माझ्यात बिस्किटे असत, पण त्या दिवसांबद्दल मी फारसे बोलत नाही. वर्गाच्या बाईंनी जाड पुठ्ठा कापला, प्रत्येक पत्त्यावर ब्रशने एकेक चिनी शब्द लिहिला आणि माझे पोट ज्ञानाने भरले.

खेळ सोपा होता. टेबलाभोवती बसायचे, आपली पाळी आली की एक पत्ता लावायचा आणि तोवर जुळलेले वाक्य पहिल्यापासून मोठ्याने म्हणायचे. चुकले की सगळे टेबल वाजवत आणि पोट धरून हसत. भले भले लाजाळू लोक माझ्यापुढे घडाघडा बोलू लागले. उगाच फुशारकी मारत नाही, खरे तेच सांगतो.

मग वर्गात संगणकाचा मोठा पडदा आला. बरोबर उत्तरावर बोट टेकवले की चांदणी मिळे. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट पाहिली, पण माझी रवानगी कपाटावर झाली ती झालीच. फार वाईट वाटले मला.

त्या वर्गात एक निवृत्त बसचालक होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांच्या मुलाची सासू चीनहून प्रथमच भेटायला येणार होती आणि तिला मँडरिनशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आजोबांकडे चांदण्या भरपूर, पण तोंडातून शब्द फुटेना.

"बाई, विहीणबाईंसमोर मी मुका बसलो तर सूनबाईला काय वाटेल हो?" ते म्हणाले. बाईंनी फडके घेतले आणि मला खाली उतरवले.

आजोबा रमीत मुरलेले. चांगले शब्द ते हातात दाबून ठेवत आणि वाक्य तिथेच अडे.

"आजोबा, ही रमी नाही," बाई हसून म्हणाल्या. "इथे हातात राहिलेला पत्ता कुणाच्याच कामाचा नाही. टाका बिनधास्त!"

आजोबा ओशाळले. मग अडखळत, चुकत, टेबल वाजवून घेत ते बोलायला लागले.

विहीणबाई आल्या त्या दिवशी आजोबांनी मला घरी नेले. माझे पत्ते मांडत ते एकेक शब्द म्हणाले, "तुमची मुलगी आम्हाला आमच्या मुलीसारखी आहे." एक शब्द मागेपुढे झाला. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि त्या इतक्या भरभर बोलू लागल्या की आजोबांना निम्मेही कळले नाही. तरी ते मान डोलवत राहिले. सूनबाई दारात उभी राहून हसत होती आणि रडतही होती. माझी छाती अभिमानाने फुगली.

मित्रांनो, माझे पत्ते झिजलेत, त्याचे मला दुःख नाही. मला जपायचे असेल तर खेळा माझ्याशी. आणि चुकण्याच्या भीतीने शब्द गिळू नका. ते ऐकायला कुणीतरी फार लांबून आलेले असते.