ढकल्या

आमच्या घरात लढाई व्हायची ती दर रविवारी, जेवणं झाली आणि मी फरशी पुसली की लगेच. मी पुसत असायचे आणि दोन घोडे खडू घेऊन टपलेले असायचे. एक घोडा आमचे हे, हरी, कर्जत स्टेशनात बुकिंग क्लार्क. दुसरा चंदर, तिथलाच फिटर, कोंडाणे लेण्यांकडच्या गावातून सायकल हाणत येणारा. दोघे पस्तिशीला टेकलेले, घरी पोरंबाळं, आणि इथे पालथे पडून फरशीवर खडूने बोरघाट काढायचे. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, सगळं जागच्या जागी. दोन फौजा, दोन वाटा, माथ्यावर एकच किल्ला. नट म्हणजे शिपाई, वायसर म्हणजे घोडेस्वार. कवड्या टाकायच्या, चढायचं, वाटेत एकमेकांना मारायचं आणि आधी वर पोचायचं. मी फरशीवरून बडबडायचे. आता ती फरशी दिवसभर स्वच्छ असते आणि मला बघवत नाही.

दोघे कर्जतच्या शाळेत एका बाकावर बसलेले. चंदरचा बाप बौद्ध झाला त्या वर्षी हे दोघे सातवीत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा चंदर दारातूनच हाक मारायचा, "हऱ्या, हायेस का रं?" आमच्या सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. एकदा त्या म्हणाल्याच, "आपल्या घरात येऊन हऱ्या काय, रं काय! हरीभाऊ म्हणायला जीभ झडते का त्याची?" हे जेवत होते. हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "आई, चंद्यानं मला अहो-जाहो केलं, तर त्या दिवशी मी काहीतरी वाईट केलेलं असेल." मला नवऱ्याचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

खेळ दोघांचा, पण ढकल्या चंदरचा. ह्यांनी कुठल्याशा मासिकात यंत्रमानवाचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, आपल्या लढाईत असा एक डोंगराएवढा पाहिजे. पुढच्या रविवारी चंदर भंगारातल्या लोखंडाचा वीतभर बाप्या घेऊन आला. दोन जाड बोल्टचे पाय, ब्रेकच्या तुकड्याची रुंद छाती, हात पुढे केलेले. डोकं होतं, पण तोंड नव्हतं. नुसतं गुळगुळीत लोखंड.

"तोंड विसरलास," हे म्हणाले.

"इसरलो नाय. त्याला तोंड नसतंयच," चंदर म्हणाला, आणि मांडी घालून सांगू लागला. घाट नवा होता तेव्हा गाड्या चढणीवर दमून उभ्या राहायच्या. मग शेडमधल्या लोकांनी मेलेल्या इंजिनांची हाडं जोडून हा उभा केला. पळसदरीला उभा राहिला तर डोकं मंकी हिलला लागायचं. त्याला एकच गोष्ट शिकवली होती, जो चढणीवर अडकला त्याच्या पाठीला छाती लावायची आणि ढकलायचं. वर पोचवलं की सुटायचं आणि एकट्यानं खाली यायचं. "चढणारा कधी मागं वळून बघतो का रं? म्हणून त्याचं तोंड कुणी पायलं नाय. त्याच्या म्होरं सदा कुणाची तरी पाठ."

कर्जतकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. इथे घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीला मागून जादा इंजिन लावतात. पुढचं शिट्टी देतं, मागचं उत्तर देतं, मग गाडी हलते. मागचं लोणावळ्याला सुटतं आणि रिकामं परत येतं. चंदरचा अर्धा जन्म त्या इंजिनांच्या पोटाखाली गेला.

"छान," हे म्हणाले. "मग हा माझा का तुझा?"

"कुणाचाच नाय. ज्याचा शिपाई चढणीवर अडकंल त्यानं शिट्टी मारायची. समोरच्यानं शिट्टीनं उत्तर द्यायचं आन् ढकल्याला लावून त्याला वर न्यायचा."

"समोरच्यानं? म्हणजे शत्रूनं?"

"मंग? चढणीवर कसलं वैर रं? वर गेल्याव मार की."

हे आठवडाभर कुरकुरत होते. ढकल्याला तोफ द्या, निदान लाथ मारू द्या. चंदर ऐकेना. ढकल्याने कुणाला मारायचं नाही, ढकल्याला कुणी मारायचं नाही. मला खेळातलं काय कळतंय, पण भांडी आवरताना बघत असायचे. ढकल्यामुळे कुणी कधी जिंकलं नाही. उलट दुसऱ्याला ढकलण्यात आपला एक डाव वाया जायचा. तरी सगळ्या फौजेत उपयोगाचा तोच होता. त्याच्यामुळे कुणी अर्ध्यात अडकून हरत नव्हतं, दिवेलागणीपर्यंत खेळ चालायचा आणि हरणाराही हसत उठायचा. एकदा ह्यांनी लबाडीने सपाटीवरच शिट्टी मारली. चंदर फरशीवर लोळून हसला. "सपाटीव शिट्टी मारतोस? लाज नाय वाटत रं हऱ्या?"

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईच्या एका खेळणीवाल्याने हा खेळ बघायला मागितला. दोघे हरखून गेले. आपला घाट पेटीत घालून दुकानात मांडला जाणार, कुठली कुठली पोरं ढकल्यासाठी शिट्ट्या मारणार! चंदरला त्या दिवशी ड्यूटी होती. ढकल्याला त्याने स्वतः फडक्यात गुंडाळून ह्यांच्या पिशवीत ठेवलं. "सांभाळ रं," एवढंच म्हणाला.

हे संध्याकाळी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. खेळणीवाल्याला घाट आवडला होता, फौजा आवडल्या होत्या. ढकल्यावर तो हसला होता. लढाईत शत्रू ढकलतो? आणि याला तोंड कुठाय? लाल डोळे पाहिजेत, खांद्यावर तोफा पाहिजेत, सगळ्यांच्या पुढे चालला पाहिजे. नाहीतर पेटी निघणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"हो म्हणालो."

"चंदरभाऊजींना न विचारता?"

"विमल, पेटी निघणं महत्त्वाचं. त्याला सांगेन मी नीट. रविवारी सांगतो."

रविवार आला, खडू आला, लढाई झाली, आणि ह्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी खुणा करायचे, हे कवड्या खुळखुळवायचे. चंदर विचारायचा, "कवा येतीया रं आपली पेटी?" हे म्हणायचे, येईल. मला आतून तुटायचं. माणूस वाईट नव्हता हो माझा. चांगल्या माणसाला एक अवघड वाक्य बोलता येऊ नये, याचा मला आजही राग येतो.

दिवाळीच्या तोंडावर पेटी आली. झाकणावर लाल डोळ्यांचा, दात विचकलेला राक्षस, खांद्यावर तोफा. वर मोठ्या अक्षरांत 'लोहराक्षस'. रविवारी चंदर आला तेव्हा ती टेबलावरच होती. त्याने झाकण बराच वेळ पाहिलं, राक्षसाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. आतला नियमांचा कागद वाचला, घडी घालून ठेवला.

"चंद्या, ऐक ना," हे म्हणाले. "त्याचं म्हणणं होतं..."

"छान झालीया," चंदर म्हणाला. "मांडा की."

त्या दिवशी फरशीवर खडू उठला नाही. पुठ्ठ्याचा घाट टेबलावर पसरला. आमचा जुना ढकल्या कडेला उभा होता, नेहमीसारखा हात पुढे करून. मी चहा ठेवला. दोघे खेळू लागले. चंदर चांगला खेळत होता, त्याचा राक्षस तोफा डागत वर निघाला होता. ह्यांचा शिपाई ठाकूरवाडीच्या वर अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना.

ह्यांनी सवयीने शिट्टी मारली.

चंदरचा हात ढकल्याकडे गेला. मी पाहिला, खरंच गेला. शिट्टीसाठी ओठांचा चंबूही केला होता त्याने. मग हात मागे आला आणि मांडीवर पडला.

"ते नेमात नाय आता," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमचा डाव हाय, हरीभाऊ."

ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, शिकला बाई एकदाचा बोलायला.