एका माणसाचा डबा

जानराव जेवायला बसला की भागीरथाबाईच्या खानावळीत शाळा भरायची. शिकवणारा जानराव, शिकणारी भिलाईजवळच्या खुर्सीपारात नव्याने आलेली, बायका-पोरं गावी ठेवून कारखान्याच्या बांधकामावर लागलेली पाच-सात माणसं. विषय रोजचाच. एकट्या माणसाने बाहेरगावी जेवताना पैसा कसा वाचवावा.

“एकटा माणूस दिसला का हॉटेलवाल्याले बकरा भेटला,” बोटं चाटत जानराव सांगायचा. “पयली गोष्ट, भरपेट ताट असन तिथंच बसाचं. मोजून वाढते तिथं पाय ठेवाचा नाई. दुसरी गोष्ट, जेवाची वेळ टळून गेल्यावर जाचं. उरलेलं खपवाचं असते, मालकाचा हात सैल सुटते. रायपूरले पुरी घेतली का भाजी फुकट भेटते. पुरी एक डाव घ्याची, भाजी तीन डाव मांगाची. अन् गाडीत लेकुरवाळं कुटुंब पाहून बसाचं. त्याईच्या लेकराले खेळवलं का दोन पुऱ्या तं येतेच हातावर.”

“वा, जानरावभाऊ!” कवडू म्हणायचा. कवडू तिरोड्याकडचा, जानरावाच्या गावाजवळचाच. ठेकेदाराकडे विटा वाहायचा आणि जानरावाचा शब्द न् शब्द झेलायचा.

चुलीशी पोळ्या लाटणारी भागीरथाबाई नाक मुरडायची. हा माणूस लेकरांना खेळवून पुऱ्या मिळवतो आणि वर त्याची फुशारकी मारतो, याचं तिला नवल वाटायचं. तिच्याकडे बिगारी जेवायचे, फिटर जेवायचे, मोटारीचे डायवर जेवायचे. त्यातला एकही चौथ्यांदा वरण मागताना “बाई, पातळच असू द्या, खालचं नका काढू, मले तेवढं नाई लागत,” असं म्हणून उपकार करत नसे. जानराव करायचा. वरणात पाणी घालायची तिला सवय नव्हती. पण त्याचा आवाज ऐकला की घागरीकडे हात जावासा वाटे.

तिचा नवरा सुखराम भिलाई-तीन स्टेशनावर रेल्वेच्या गँगमध्ये होता. साकोलीकडून दोघं आली तेव्हा कारखान्याच्या जागी नुसते खड्डे होते. सुखरामच्या गँगमधल्या चौघांना ती रांधून घालायला लागली, चाराचे दहा झाले, दहाचे वीस, आणि तट्ट्याच्या भिंती आणि टिनाचं छत टाकून खानावळ उभी राहिली. भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं आणि बाबासाहेबांचा फोटो होता. नागपूरच्या दीक्षेहून परतताना तिने तो पदराखाली धरून आणला होता. कोण काय हे ती विचारत नव्हती. आपण कोण हे भिंत सांगत होती.

जानराव एका ठेकेदाराकडे खरेदीचा बाबू होता. दोरखंड, ताडपत्री, नट-बोल्ट आणायला तो कधी नागपूर, कधी बिलासपूर, कधी थेट कलकत्ता करायचा. ठेकेदार त्याला प्रवासात खायला खुराकी द्यायचा. ती खुराकी जशीच्या तशी घरी आणणं हे जानरावाचं आयुष्यातलं मोठं यश. त्यासाठी त्याने भागीरथाबाईशी महिना लावतानाच ठरवून टाकलं होतं: बाहेरगावी गेलो तर माझं जेवण बुडालं असं नाही, त्या दिवशीचं जेवण सकाळीच डब्यात घालून द्यायचं. बाई तेव्हा हो म्हणाली होती. पुढे तिला त्याचा पस्तावा झाला. पण दिलेला शब्द मोडायची तिला सवय नव्हती.

एका शनिवारी दुपारी सगळे हात धुऊन गेले तरी जानराव बाकावर बसून राहिला.

“बाई, एक काम होतं.”

“बोला.”

“माह्या लगनाचं बोलणं चालून राहिलं. तुमसरचे रामाजी म्हणून हायेत, धानाच्या गिरणीत मुनीम. पोरीचे बाप. सोमवारी ते मले पाहाले येऊन राहिले.”

भागीरथाबाईला बरं वाटलं. तिशी उलटलेला माणूस, कोणी तरी पोरगी देतोय. “मंग आणा की इकडं. गोडधोड करीन मी.”

“इकडं नाई.” जानराव घुटमळला. “खोलीवर डबा द्या. दोघांचा. अन् कोणाले बोलू नका. मी सांगून ठेवलं हाये का मी हातानंच रांधून खातो.”

“काऊन?”

जानरावाची नजर भिंतीकडे गेली आणि चटका बसल्यासारखी खाली आली. “तुमाले तं समजते, बाई. आपल्याले काही नाई त्याचं. आपण मानतच नाई. पण जुने लोक हायेत ते.”

तिला समजलं होतंच. दोन वर्षं त्याच भिंतीखाली बसून हा माणूस तिच्या हातचं खात होता, वरून मागून खात होता, आणि गावी जाऊन सांगत होता की मी स्वतः चूल पेटवतो. पैसाही वाचवला आणि जातही वाचवली. दोन्ही वाचवली ती तिच्या चुलीवर.

“दुर्गले मोठं हॉटेल हाये,” ती म्हणाली. “पाहुण्याले तिथं न्या. तिथं तुमाले चालते असे लोक रांधतेत.”

“तिथं एका ताटाले काय घेतेत, माहीत हाये काय तुमाले?” जानरावाचा चेहरा खरोखर दुखावला. आणि आवाज मऊ करून तो म्हणाला, “अन् बाई, डबा खोलीवर नेला तं तुमचं ताट नाई, पाणी नाई, जागा नाई. त्या मानानं दोघांच्या डब्याचं थोडं कमीच धरा.”

बाईच्या हातात लाटणं होतं. तिने ते खाली ठेवलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. लपवायचं तिला आणि त्याची सूटही मागायची तिलाच!

“नाई देत,” ती म्हणाली. “दोघांचा नाई, चौघांचा नाई. ज्याले माह्या हातचं खाचं हाये त्यानं इथं येऊन खाचं. जा आता.”

सोमवारी उजाडताच जानराव डबा घेऊन हजर. अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल.

“अचानक नागपूरची डुटी निघाली, बाई. जाऊन राहिलो.”

पाहुण्याचं काय झालं, हे तिने विचारलं नाही. विचारण्याइतकी त्याची किंमतच तिच्या मनात उरली नव्हती. ठरल्याप्रमाणे चार पोळ्या, जवसाचा कूट घातलेली वांग्याची भाजी, भात, वरण तिने डब्यात भरलं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी जवस भाजताना अंमळ करपला होता. टाकून देणं परवडत नव्हतं; दिवसभराच्या सगळ्या भाजीत तोच कूट पडला.

संध्याकाळी, पाळीची माणसं यायच्या आधी, धोतर-टोपीतला एक पिकल्या मिशांचा माणूस छत्री टेकत दारात उभा राहिला. कारखान्याच्या बाजूची लाल धूळ त्याच्या वहाणांवर चढली होती.

“बाई, जेवण भेटन काय? एकटाच हावो.”

“बसा ना, भाऊ.”

माणूस बसला आणि जेवायला लागला, तो चार पोळ्या होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. असं जेवण बाईला आवडायचं. पाचवी पोळी वाढायला ती वाकली तेव्हा त्याने भाजी हुंगली.

“हे भाजी मी दुपारी खाल्ली.”

“वांग्याची भाजी सगळेच करतेत, भाऊ.”

“नाई. करपल्या जवसाचा वास हाये. दुपारी बी हाच होता.” तो विचार करत चावत राहिला. “इथं एक बाबू हायेत, जानराव म्हणून. त्याईच्या खोलीवर उतरलो होतो. म्हणे मी सोता रांधलं. दोन पोळ्या मले देल्या, दोन त्याईनं घेतल्या. भात एवढासा. म्हणे प्रवासात जड जेवण बाधते, डॉक्टर हलकंच खाले सांगतेत. मंग म्हणे अर्ध्या दिवसाची हजरी कटते, मी कामावर जाऊन येतो, तुमी कारखाना पाहून या. पोटात कावळे ओरडून राहिले होते, बाई. भट्टी कुठची पाहातो!”

भागीरथाबाई ताटाजवळच खाली बसली. तिला हसूही येत होतं आणि कानशिलं तापतही होती. नागपूरची डुटी! एका माणसाचा डबा दोघांत वाटून या माणसाने होणाऱ्या सासऱ्याला जेवू घातलं होतं.

तेवढ्यात रामाजीची नजर भिंतीवर गेली. घास हातात राहिला. त्याने फोटोकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. बाईने नजर हलवली नाही. असे थांबलेले घास तिने पाहिले होते. काही जण तिथूनच हात धुवायला उठले होते. रामाजीने घास तोंडात घातला.

“भूक लागली होती,” तो कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला, आणि सहावी पोळी घेतली. मग जरा वेळाने, “जानराव रोज इथंच जेवतेत काय?”

नाही म्हटलं असतं तर एक लग्न झालं असतं. बाईच्या मनात ते येऊन गेलं. त्याच्यासाठी नव्हे, त्या न पाहिलेल्या पोरीसाठी तिने खरं सांगितलं.

“दोन वर्षं झाले जेवून राहिले. आज नागपूरले जातो म्हणून सकाळी डबा नेला. एका माणसाचा.”

“एका माणसाचा,” रामाजी म्हणाला. ताटातला शेवटचा भात त्याने वरणात कालवला. “माह्या पोरीले हा माणूस घरात पीठ मोजून देईन, बाई. जात सांभाळन का नाई सांभाळन, तो इचार मागचा. उपाशी तं मी तिले नाई धाडत.”

बाईला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला होता. पैसे देऊन, छत्री घेऊन तो दारापर्यंत गेला आणि तिथून परत वळला. आवाज उतरला होता.

“बाई, तुमसरकडचं कोणी इथं आलं तं... मी जेवलो म्हणून नका सांगू.”

वाटू लागलेला आदर तिथेच विझला.

“काऊन नाई? कोणी इचारलं तं सांगीन,” ती म्हणाली. “रामाजी मुनीम आले होते. सहा पोळ्या खाल्ल्या. पोट भरलं.”

रामाजी इतक्या घाईने निघाला की त्याची छत्री तट्ट्यात अडकली.

सुखराम घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला, मग गंभीर झाला. “गिऱ्हाईक हाये, भागी. तोडू नको. असे लय हायेत. सगळ्याईले तोडलं तं चूल कोणासाठी पेटवशीन?”

असे लय हायेत, हे तर तिलाही ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी जानराव नेहमीसारखा आला. रामाजी संध्याकाळच्या पॅसेंजरने न सांगताच निघून गेला होता; गाडीची वेळ झाली असेल, अशी जानरावाने स्वतःची समजूत घातली होती. ताट समोर येताच शाळा भरली.

“काल नागपूरले गेलतो,” तो कवडूला सांगू लागला. “दिवसभर फिरलो. एक पैसा मोडला नाई. डबा घरचा, पाणी नळाचं. खुराकी पुरी खिशात.”

“वा!” कवडू म्हणाला.

भागीरथाबाई वरणाचं भांडं घेऊन उभी होती. “नागपूरले रामाजी भेटले काय?” तिने विचारलं.

जानरावाचा हात ताटातच थबकला.

“भेटले असतीन,” बाई म्हणाली. “कारण का तिथून ते काल इथं आले. उपाशी होते बिचारे. दोन पोळ्यांवर कारखाना पाहाले सोडलं होतं त्याईले कोणीतरी.” मग तिने सगळ्यांकडे तोंड केलं आणि शनिवारपासूनचं सगळं सांगितलं: दोघांचा डबा, बोलू नका म्हणणं, वर मागितलेली सूट. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

“तुमी माहं लगन मोडलं, बाई!” जानराव कसाबसा म्हणाला.

“मी? तुमाले पाहुण्याले पोटभर जेवू घालता नाई आलं. माह्याकडं आणलं असतं तं मी घातलं असतं, अन् पैसे बी घेतले नसते. तुमाले लाज वाटली. माह्या पोळीची नाई वाटली, माह्या नावाची वाटली. उठा. उद्यापासून तुमचा महिना बंद.”

जानराव उठला. हात धुतला. आणि ओल्या हातानेच म्हणाला, “महिन्याचे बाकीचे दिवस रायले हायेत. त्याचं काय?”

बाईने फडताळातल्या डब्यातून मूठभर पैसे काढून बाकावर ठेवले. बरेच जास्त असतील. जानरावाने ते तिथे मोजले नाहीत, एवढीच त्याने अब्रू राखली. नाक्याच्या पानठेल्यापाशी उभा राहून मोजले, असं नंतर एका डायवरने सांगितलं.

तो गेल्यावर बाकावरची माणसं भराभर जेवण उरकू लागली. त्या बाकावर जानरावासारखे, गावी दुसरंच काही सांगणारे, आणखी कोण कोण होते ते बाईला ओळखता येत नव्हतं, आणि आता ओळखायचंही नव्हतं. कवडू ताटातल्या भाताकडे पाहत होता. त्याने तो संपवला, वरण मागितलं नाही, आणि मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जानरावाची सोडून आणखी दोन जागा रिकाम्या राहिल्या. त्यातली एक तिरोड्याकडच्याच एका गवंड्याची होती. तो पुन्हा कधी आला नाही. दुसरी कवडूची; तो तिसऱ्या दिवशी आला. सवयीने जानरावाच्या जुन्या जागेशेजारी बसला, मग उठून फोटोच्या भिंतीजवळ सरकला.

“वरण वाढू?” बाईने विचारलं.

“वाढा,” तो म्हणाला. “घट्ट.”