शेजाऱ्यांना काय जाणवलं?

“उषाबाई, भिंतीला पाठ लावून पडल्ते, तं भिंत थरथरून राह्यली. उतरंडीतली गाडगी वाजली. लेकराचा पाळणा काढा त्या आढ्याचा, जल्दी.”

भांडी घासायला आलेली शेजारची गोजरबाई हे सांगत होती, तेव्हा उषा हसली होती. “काहीतरीच! मालगाडी गेली असेल.”

परतूरला रुळांच्या कडेला राहणाऱ्यांची ती सवयच. काही हाललं की मालगाडी.

“दुपारच्याला कुठली मालगाडी? भेग पडलीय, बघून तरी जा.”

“येईन सवडीनं.”

चार दिवसांनी वर्तमानपत्रात वेधशाळेचं निवेदन आलं. मंगळवारी दुपारी धक्का जाणवला का, काय हाललं, शेजाऱ्यांना काय जाणवलं, ते कार्डावर कळवा. जाणवला नसेल तर तेही कळवा. यंत्रं थोडी आहेत, पण गावोगावची कार्डं नकाशावर मांडली की धक्का कुठून निघाला, कुठवर पोचला, याचा अंदाज येतो.

उषा औरंगाबादला कॉलेजात शिकलेली. तिचा हात शिवशिवला. त्या दुपारी ती उभ्यानं पाळण्याला झोके देत होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं. तिनं तसं लिहिलं, आणि पुढं जोडलं, ‘शेजाऱ्यांनाही नाही.’ गोजरबाई आठवली नाही असं नाही. पण अंगठा उठवणारीची साक्ष शास्त्राला काय कामाची!

आभाराचं उत्तर आलं. ‘आपल्या कार्डामुळे धक्क्याच्या नकाशातून परतूर वगळता आले.’ उषानं ते आरशाच्या चौकटीत खोचलं.

दीड महिन्यानं पुन्हा हाललं. उषाच्या घरी एक पेला पडला. गोजरबाईच्या अंगावर भिंत आली, मांडीचं हाड मोडलं. उरलेल्या भिंतीत ती भेग तशीच होती, हात जाईल एवढी. उषानं ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली. घरी येऊन आधी पाळणा उतरवला.

गोजरबाईला तिची लेक टेंभुर्णीला आपल्या घरी घेऊन गेली. ट्रकात चढवताना गोजरबाई कण्हत म्हणाली, “मालगाडीच असंल, बाई.”

उषानं दोन पत्रं घातली. तिकडं वाचणार कोण? उत्तर आलंच नाही.

मग तिनं वेधशाळेला दुसरं कार्ड लिहिलं. ‘त्या मंगळवारी परतूरला धक्का बसला होता. शेजारणीनं सांगितलं होतं, मी खोटं कळवलं. नकाशा दुरुस्त करावा.’ खाली थोडी जागा उरली. तिथं बारीक अक्षरात: ‘हे वाचणारे आपण जे कोणी असाल, जाफराबादेकडे जाणं झालं तर टेंभुर्णीत गोजरबाईची चौकशी करा. उठून बसते का, एवढं बघा. मला तोंड दाखवायचा धीर होत नाही.’