बद्रीची गाडी

मी बद्रीनाथची मोटारसायकल बोलतेय. टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यात, कडूबांच्या ओसरीत, भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या टाकीवर 'राजदूत' असं लिहिलेलं होतं, आता त्यातलं एखादंच अक्षर वाचता येतं. तरी गावात कुणालाही विचारा, 'बद्रीची गाडी' म्हणूनच सांगतील.

बद्री कडूबा आणि दुर्गाबाईंचा एकुलता एक. १९८६ साली त्याने मला जालन्याहून नवीकोरी आणली. त्याचं काम विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं. टेंभुर्णीत भिवा नावाच्या दोस्ताबरोबर त्याचं दुकान होतं. कुणाची मोटार बंद पडली की निरोप यायचा आणि बद्री पान्ह्यांची पिशवी हँडलला अडकवून निघायचा. पिशवी आपटून आपटून माझ्या टाकीचा रंग पहिल्याच वर्षी उडाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कामाच्या माणसाची गाडी तशीच असते.

पुढे जाफराबादची उषा लग्न होऊन आली. गाव संपेपर्यंत ती मागे मुकाट बसायची. शेवटचं घर मागे पडलं की बोलायला लागायची ते थांबायचीच नाही. बद्री मुद्दाम मला हळू चालवायचा. पेट्रोल जास्त जायचं, पण त्याला घाई नसायची.

ते फार दिवस टिकलं नाही. १९९१च्या उन्हाळ्यात एका विहिरीतली मोटार वर काढायची होती. बद्रीने मला लिंबाखाली लावलं. उतार होता, म्हणून गिअर टाकून ठेवला. पाणी तळाला गेलेलं. उतरताना पायाखालचा दगड निसटला. मी ओरडणं ऐकलं. माणसं पळाली, दोर सोडले, त्याला वर काढलं, ट्रॅक्टरवर घालून जालन्याकडे नेलं. तो माझ्या अगदी जवळून गेला. वाटेतच गेला, हे मला नंतर कळलं.

त्या गडबडीत माझी आठवण कुणाला राहणार? दहावा झाल्यावर कडूबा चालत आले. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. त्यांनी हँडल धरलं आणि मला ढकलायला लागले. मी गिअरमध्ये होते. मागचं चाक अडून अडून फिरत होतं. म्हातारा घामाने भिजला, धोतर चाकात आलं, तरी ढकलत होता. पायाने एक दांडी हलवली असती तर मी सहज चालले असते, पण हे त्यांना सांगायला मला तोंड कुठे होतं?

बऱ्याच वेळाने एक जीपवाला थांबला.

"बाबा, गाडी गिअरमधी हाय," म्हणाला आणि त्याने गिअर काढून दिला. "चालवत आणून देऊ का घरापर्यंत?"

"न्हाई," कडूबा म्हणाले. "मीच नेतो."

घरी पोचलो तेव्हा दुर्गाबाई दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

वाद तेव्हापासूनचा. दुर्गाबाईंना मी डोळ्यांसमोर नको होते. लांब रस्त्यावर कुणाचीही गाडी फटफटली की त्या चुलीवर तवा ठेवायला उठायच्या आणि मध्येच थांबायच्या. कडूबांना ते दिसायचं. पण मला हलवायचा विषय निघाला की ते तंबाखूची चंची शोधायला लागायचे.

एक दिवस भिवा आला. त्या दिवशी दोर धरणाऱ्यांत तोही होता. खाली मान घालून म्हणाला, "काका, गाडी मला द्या. मी बराबर जपीन."

तो गेल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "देऊन टाका त्याला. काय करून राह्यलो आपण तिचं? रोज पाहायचं अन् रोज मरायचं."

"भिवाला दिली तर तो गावात येईल तिच्यावर. आवाज ऐकू येईल. मंग चालल का तुला?"

दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "लांबच्या माणसाला द्या."

"लांब गेल्यावर ती पुन्हा दिसायची न्हाई, बद्रीची माय."

त्या घरात दोघांचंही खरं होतं. त्यामुळे काहीच ठरलं नाही. विकायचं ठरलं नाही, ठेवायचंही ठरलं नाही. मी नुसती उभी राहिले. चाकं बसली. पेट्रोल उडून गेलं. सीटच्या फाटक्या कोपऱ्यात कोंबडी अंडी घालायला लागली.

आणि या सगळ्यात उषाला कुणी विचारलंच नाही. ती ओसरी झाडायची तेव्हा केरसुणी माझ्या चाकाभोवती वळवून न्यायची, एवढंच.

तिला माहेरी पाठवायचं कडूबांनीच काढलं. तिच्या भावाला म्हणाले, "पोरगी लहान हाय. तिचं बघा." दोन-तीन वर्षांनी आष्टीचं स्थळ जमलं. माणूस बिजवर, पण चांगला होता. लग्नाआधी उषा भेटायला आली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. दुर्गाबाईंनी तिला जवळ घेतलं, जेवू घातलं. निघताना कडूबा तिला माझ्यापाशी घेऊन आले.

"उषा, ही तुझी हाय. घेऊन जाय."

ती म्हणाली, "मामा, त्या घरी मी ही कशी नेऊ?"

कडूबांना हे सुचलंच नव्हतं. ते ओशाळले. "मंग इकून टाकू का?"

"ते मला नका विचारू," ती म्हणाली. तिने माझ्या सीटवरची धूळ पदराने पुसली, फक्त मागच्या अर्ध्या भागावरची. बाहेर तिला न्यायला थांबलेला जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती गेली. पुन्हा आली नाही, आणि तिने येऊही नये.

२००१ साली कडूबा गेले. लहानशा आजाराचं निमित्त झालं. मला वाटलं, आता माझा निकाल लागेल. दुर्गाबाईंना तर मी पहिल्यापासून नको होते. घरात अडवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तरी वर्षं गेली आणि मी जागची हलले नाही.

मागच्या महिन्यात जाफराबादचा एक भंगारवाला गल्लीत आला. ओसरीत मला पाहून थांबला. माझं हँडल हलवून बघितलं, टाकीवर बोटं वाजवली.

"मावशी, देता का गाडी?"

दुर्गाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "मालक घरी न्हाईत," म्हणाल्या.

"कधी येतील?"

त्यांचा हात सुपात थांबला.

"त्यांनी ठेवा म्हणल्तं," त्या म्हणाल्या. "तू जाय बाबा."

तो गेला. त्या उठल्या, माझ्या सीटवरून कोंबडीला हाकललं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

मी आता चालणारी नाही. माझं इंजिन गंजून घट्ट झालंय, हे मला कळतं. मला ठेवा असं मी म्हणत नाही आणि न्या असंही म्हणत नाही. दोन्हींतलं बरोबर काय हे मला कळलं असतं आणि मला तोंड असतं, तर त्या म्हातारीला मीच सांगितलं असतं. तुम्ही कधी या गल्लीत आलात आणि मला न्यायचं तुमच्या मनात आलं, तर तिला एकदा विचारा. ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नका.