थट्टेचा सोयरा

कापेम्ब्वा कबरीत उतरून आडवा झाला आणि उठायचं नाव घेईना.

"ही जागा माझी," तो खालून म्हणाला. "सकाळपासून मी खणलीय. या उंदीरखाऊला दुसरीकडे नेऊन पुरा. उकिरड्यावर पुरा, तिथं त्याला आवडीचं खाणंही मिळेल."

वर शवपेटी घेतलेली माणसं ताटकळली. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटून काखेत मारलं. आता वेळ लागणार हे त्यांना ठाऊक होतं. बायकांचं रडणं मध्येच अडखळलं आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. बापाच्या कबरीच्या काठावर उभ्या असलेल्या झेलिपालाही हसू फुटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. अशा वेळी हसायचंच असतं.

गेलेला माणूस लॅक्सन न्सिंगो, न्गोनी जमातीचा, चिपाटाच्या बाजारात एका ओसरीवर बसणारा शिंपी. कबरीत झोपलेला कापेम्ब्वा बेम्बा जमातीचा, त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सायकली दुरुस्त करणारा. पणज्यांच्या काळात या दोन जमातींनी एकमेकांची मुंडकी उडवली होती. पुढे लढून लढून दोघांतही त्राण उरलं नाही, आणि त्यांच्यात थट्टेचं नातं लागलं. बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ. रागावला तो हरला. आणि एकाकडचं माणूस गेलं की खड्डा दुसऱ्यानं खणायचा, मढं दुसऱ्यानं उचलायचं, घरच्यांना हसवायचंही दुसऱ्यानंच.

"उठा, म्बुया," झेलिपा वाकून म्हणाली. आजोबांना आणि थट्टेच्या सोयऱ्याला हाक एकच असते. "बाबांना उन्हात किती वेळ ठेवणार?"

"ऊन आता त्याचं काय वाकडं करणार? जिवंतपणी कधी सावली सोडली नाही. मी विजार शिवायला टाकली, तर एक पाय आखूड करून दिला. विचारलं तर म्हणतो, माकडं झाडावर राहतात, तिथं कोण बघतंय."

"कोंबडी देते."

"तुमच्याकडची कोंबडी म्हणजे पंख फुटलेला उंदीर."

"बरं, लाल कोंबडा देते. आता उठता, की वरून माती लोटू?"

तो कण्हत उठला. वर येताना त्याला हात द्यावा लागला. मातीनं माखलेल्या गालांवर दोन ओल्या रेघा होत्या. खाली आडवं पडून त्यानं रडून घेतलं, हे झेलिपाला तेव्हा कळलं. वर आल्यावर त्याला रडायची मुभा नव्हती.

त्यानं चेहरा बाहीनं पुसला आणि पेटी उतरवणाऱ्यांवर खेकसला, "सावकाश रे, आत उंदीर आहे, उडी मारून पळेल."

संध्याकाळी घरी तो लॅक्सनचा कोट चढवून, गळ्यात मापाची टेप अडकवून, लॅक्सनसारखाच फेंगडा चालत अंगणात आला. झेलिपाच्या आईपुढे उभा राहून तिच्या कमरेचं माप घेतल्यासारखं करत म्हणाला, "हिच्यासाठी कापड पुरायचं नाही, तंबू आणा." दोन दिवस अन्नाला न शिवलेली आई हसता हसता रडली, रडता रडता हसली आणि मग मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे चार घास जेवली. झेलिपाच्या मनात आलं, आपण एवढी शिकलेली पोर, आईला एक घास भरवू शकलो नाही.

झेलिपा एकतीस वर्षांची. म्वामीच्या सीमानाक्यावर पासपोर्टवर शिक्के मारायचं तिचं काम. पलीकडे मलावी. खिडकीसमोर दिवसभर माणसं सरकत राहायची: मक्याची पोती नेणाऱ्या बायका, लग्नाला निघालेली वऱ्हाडं, फाटकाच्या दोन्ही अंगांना एकच आजी असलेली भावंडं. कुणाचं कशात अडलंय हे तिला तोंडाकडे बघून कळायचं. पण नियम का असा, तो कुणी, कुठं बसून केला, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. साहेबाला विचारलं तर तो म्हणायचा, "तू शिक्का मार." म्हणून तिनं स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला होता. शिष्यवृत्तीच्या पहिल्या चाळणीतून नावही वर आलं होतं. अर्जात एक प्रश्न होता: हाच विषय आणि तोही परदेशात का शिकायचा आहे? त्यावर तिनं जागतिक शांतता, प्रादेशिक सहकार्य असं भारदस्त बरंच लिहिलं होतं. वाचताना तिला स्वतःलाच ते दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटायचं.

दफन होऊन आठवडा झाला नाही तोच राजधानीत, लुसाकाला मुलाखत होती. टेबलामागे तिघं बसली होती. मधे पिकल्या केसांच्या प्राध्यापिका सिचोनेबाई, एका बाजूला परदेशी पाहुण्या, दुसऱ्या बाजूला मंत्रालयातले एक पोट सुटलेले गृहस्थ, नाव मुसोन्डा.

"आजच्या जागतिकीकरणाच्या युगात," झेलिपानं सुरुवात केली.

सिचोनेबाईंनी हात वर केला. "थांब, मुली. हे वाक्य मी सकाळपासून चौथ्यांदा ऐकतेय. युगाचं राहू दे. तू का जातेस?"

पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं, आणि डोळ्यांपुढे राहिला तो खड्डा.

"माझ्या वडिलांना नुकतंच पुरलं," ती म्हणाली. "त्यांच्या कबरीत एक माणूस आधीच झोपला होता."

मग तिनं सांगितलं. कोंबड्याचं सांगितलं, कोटाचं, तंबूचं, गालावरच्या दोन रेघांचंही सांगितलं. "नाक्यावर करारांची पुस्तकं आहेत," ती म्हणाली. "कुठून काय न्यायचं, किती न्यायचं, सगळं त्यांत आहे. पण भांडण मिटल्यावर एकमेकांची मेलेली माणसं कुणी उचलायची, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नाही. आमच्या पणज्यांना लिहितावाचता येत नव्हतं, तरी त्यांनी हे कलम घातलं. ते त्यांना कसं सुचलं, आणि दोन जमातींना जमलं ते दोन देशांना का जमत नाही, हे मला शिकायचंय. इथं मला हे सगळं इतकं सवयीचं आहे की दिसतच नाही. जरा लांब जाऊन बघायचंय."

"आणि हे खरंच चालतं? कुणी दुखावत नाही?" परदेशी बाईंनी विचारलं.

मुसोन्डासाहेब घसा खाकरून म्हणाले, "मी बेम्बा आहे. उंदरांना शिष्यवृत्ती द्यायची की नाही, याचा मी विचार करतोय."

"साहेब, नाही दिली तरी चालेल," झेलिपा म्हणाली. "तुमच्या अंत्यविधीला मी येणारच आहे. तेव्हा वसूल करीन."

साहेब पोट धरून हसले. परदेशी बाई एकदा साहेबांकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग खाली मान घालून भराभरा लिहू लागल्या.

शिष्यवृत्ती मिळाली. आईला आनंद झाला, नाक्यावर साहेबानं सर्वांना शीतपेय पाजलं. कापेम्ब्वाला मात्र झेलिपानं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत ती बाजारातून जाताना पलीकडच्या वाटेनं जाऊ लागली. शेवटी आईच त्याच्यापाशी बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी झेलिपा ओसरीवर गेली. लॅक्सनच्या जागी आता कुणी मोबाईलची कव्हरं विकत होतं. कापेम्ब्वापाशी तो लाल कोंबडा पायाला दोरी बांधून फिरत होता. त्यानं तो कापलाच नव्हता. त्याचं नाव लॅक्सन ठेवून दिवसभर त्याला शिव्या देत होता. झेलिपाला बघून तो उठून उभा राहिला, टोपी काढली.

"या, मिस न्सिंगो," तो म्हणाला. "अभिनंदन. फार आनंद झाला. बसायला देऊ का काही?"

थट्टेचा सोयरा अदबीनं बोलायला लागला, म्हणजे नातं तुटायला आलं.

"असं नका बोलू, म्बुया."

"मग कसं बोलू? मोठी माणसं तुम्ही."

"मला शिव्या द्या. पण असं बोलू नका."

तो खाली बसला, समोरचं चाक फिरवत राहिला. खोकल्याची उबळ आली ती त्यानं चिंध्यांत दाबली. गेले काही महिने हा खोकला होता. इस्पितळात त्याला सांगितलं होतं, पुढच्या वेळी घरचं कुणीतरी सोबत आण. तो म्हणाला होता, माझ्या घरचे सगळे न्गोनी, कामाचे नाहीत.

"का जातेस?" त्यानं विचारलं.

तिनं लुसाकात सांगितलं तेच सांगितलं. तिथं सांगताना ते खरं वाटलं होतं, आणि अजूनही खरंच होतं. फक्त त्याच्या समोर बसून सांगताना तिचा आवाज लहान लहान होत गेला.

कापेम्ब्वानं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे बघ," तो म्हणाला, "आम्ही एकमेकांना पुरतो, हे तू त्यांना सांगितलंस. ते त्यांना आवडलं. म्हणून त्यांनी तुला तिकीट दिलं. आणि त्या तिकिटावर बसून तू मला न पुरता चाललीस."

"लॅक्सन आधी गेला, नाहीतर हे काम त्याचं होतं. त्याच्यामागे तुझं."

"चिपाटा न्गोनींनी भरलंय, म्बुया. कुणीही येईल." हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला.

"येतील ना. माकडखाऊ म्हणतील, दोन उड्या मारतील आणि न्सिमा खाऊन जातील. पण त्यांना माझं काय माहीत? माणूस ठाऊक असल्याशिवाय त्याची खरी थट्टा करता येत नाही. दोन वर्षं, नाही का?"

"दोन वर्षं."

"हं," तो म्हणाला, आणि चाकात हवा भरू लागला.

त्यानंतर जाण्याच्या दिवसापर्यंत तो अदबीनंच वागला. झेलिपा रोज त्याला काहीतरी टोचून पाहायची. तो मान लववून "बरं, मिस न्सिंगो" म्हणायचा. न जाण्याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला. आईपाशी बोलली तेव्हा आई म्हणाली, "राहिलीस तर तो मरायची वाट बघत राहणार तू. ते त्याला तरी आवडेल का?"

लुसाकाची बस सकाळी निघायची होती. स्टँडवर भाजलेली कणसं, कांद्याची पोती, कंडक्टरांची बोंबाबोंब. आई आधीच डोळे पुसत होती. कापेम्ब्वा कोंबडा काखेत मारून आला, तो बाकाला बांधला, टोपी काढली.

"प्रवास सुखाचा होवो, मिस न्सिंगो."

झेलिपानं हातातली बॅग खाली ठेवली. "आडवे व्हा," ती म्हणाली.

"काय?"

"बाकावर आडवे व्हा म्हणते. बस सुटायला वेळ थोडा आहे."

कापेम्ब्वा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. तो बाकावर बसला, पाय वर घेतले, आडवा झाला, टोपी छातीवर ठेवली, टोपीवर हात जोडले आणि डोळे मिटले.

"लोकहो, इकडे या," झेलिपा मोठ्यानं म्हणाली. "हे माकड एकदाचं मेलं. बाजाराचा जीव भांड्यात पडला. एक पंक्चर काढायला बसलं की दोन नवी करायचं, म्हणून याचा धंदा चालला. सोंगट्या खेळताना समोरच्याला म्हणायचं, तो बघ तुझा मेहुणा आला. तो वळला की दोन सोंगट्या खिशात. आणि टोमॅटोवाल्या बाईची सायकल यानं वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त केली. तिच्याकडे सायकल नव्हतीच. बिचारी दर महिन्याला शेजाऱ्याची मागून आणायची."

माणसं जमली. कणसं भाजणारी बाई बेम्बा निघाली. तिनं अंगावरचं कापड डोक्यावर ओढून खोटा गळा काढला. कंडक्टर हसत थांबला. प्रेताची मिशी थरथरत होती.

"सरड्याला घाबरायचं," झेलिपा म्हणाली. "एवढं मोठं माकड, पण सरडा दिसला की माझ्या बापाच्या मशीनवर चढून बसायचं. बाप म्हणायचा, उतर, सुई टोचेल. आणि माझा बाप गेला, तेव्हा या माकडानं—"

तिनं ओठ गच्च मिटले. आज रडायची मुभा तिला नव्हती.

"तेव्हा या माकडानं त्याच्या कबरीत शिरून जागा अडवली," ती म्हणाली. "तेव्हा याला खोल पुरा. नाहीतर हे वर येऊन कोंबडा मागेल."

लोक हसले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आईनं झेलिपाला कवेत घेतलं, सोडलं. बॅग टपावर गेली.

"आता उठा, म्बुया," झेलिपा हळूच म्हणाली. "निघतेय मी."

कापेम्ब्वानं डोळे उघडले नाहीत. ओठ जेमतेम हलले. "मेलेलं माणूस कुणाला पोचवायला उठतं का? अक्कल आहे की नाही? जा, उंदीरखाऊ. थंडीत मर तिकडे."

ती हसत बसमध्ये चढली आणि खिडकीशी बसल्यावर तिला रडू आवरेना. बस वळली. जमलेली माणसं आपापल्या कामाला लागली होती, आई हात हलवत होती. बाकावर कापेम्ब्वा तसाच निजला होता, छातीवर टोपी, टोपीवर हात. खाली लाल कोंबडा त्याच्या बुटाच्या नाडीला चोच मारत होता, तरी त्यानं पाय हलवला नाही.